पाटीवरचं सातवं नाव

"आजी, दम लागला तर सांगा हं. वाटेत तीन ठिकाणी बाक केलेत आता," गाइड मुलगी म्हणाली आणि तिने बत्तीकाकूचा कोपर धरला.

बत्तीकाकूने आधी कोपराकडे पाहिलं, मग मुलीकडे. "तुझं वय किती गं?"

"तेवीस."

"तू जन्मायच्या नऊ वर्षं आधी मी ही वाट सोडली. तोवर रोज चढले, डोक्यावर रॉकेलचा डबा घेऊन. हात सोड. तुला आधार हवा असेल तर खुशाल धर."

मागून चालणारी सात-आठ पाहुणे मंडळी हसली. काकूची लेक तेवढी हसली नाही. "आई, ती मदत करतेय."

"मग मी काय मारतेय तिला?"

खालच्या बंदरात सगळे तिला बत्तीकाकू म्हणतात, कारण तिचा नवरा या दीपस्तंभावर बत्तीवाला होता. एकोणीस वर्षं त्याने दिवा सांभाळला, असं लोक सांगतात. पुढे विजेचा आपोआप लागणारा दिवा एका लोखंडी खांबावर बसला आणि मनोऱ्यातलं माणसाचं काम संपलं. नवरा-बायको बंदरातल्या दोन खोल्यांत राहायला आली. चार वर्षांपूर्वी नवरा गेला. आता मनोऱ्याचं संग्रहालय झालंय. टेकडीवर फिरायच्या वाटा आखल्यात, त्यांना निळे-पिवळे बाण लावलेत. मनोरा बांधला तेव्हापासूनच्या सात बत्तीवाल्यांची नावं लिहिलेली एक पाटी दारापाशी लागणार आहे. तिच्यावरचा पडदा शेवटच्या बत्तीवाल्याच्या पत्नीने सारावा, असं पत्र काकूला आलं होतं. कार्यक्रम उद्या होता.

पत्र घेऊन आलेल्या माणसाला तिने एकच प्रश्न विचारला होता. "पाटी रंगवायला पेंटर कधी येणार?"

"आदल्या दिवशी."

म्हणून ती आदल्या दिवशी आली होती. तिला त्या पाटीवर आपलं नाव हवं होतं. नवऱ्याचं खोडून नको, त्याच्या वर नको. त्याच्याखाली, आठवं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीला वाटत होतं, आईला गर्दी व्हायच्या आत जुनी जागा एकदा डोळे भरून बघायचीय. त्यासाठी लेक शाळेतून एक दिवसाची रजा टाकून आली होती. पन्नाशीची मुख्याध्यापिका, पर्समध्ये उद्याच्या भाषणाचे कागद.

चढ संपला तशी गाइड थांबली आणि पाहुण्यांकडे वळली. तिचा आवाज बदलला, पाठ केलेलं बोलताना बदलतो तसा. "आता वाटेच्या दोन्ही बाजूंचे हे पांढरे दगड बघा. आपल्या शेवटच्या दीपपालांनी स्वतःच्या हाताने या दगडांना चुना लावला. का? तर कुणी वाटसरू अंधारात चुकू नये म्हणून! ती प्रथा आम्ही आजही पाळतो. फोटो इथे फार सुंदर येतात."

"कुठला वाटसरू?" काकू मोठ्याने म्हणाली. "इथे कुत्रं फिरकत नव्हतं."

पाहुणे पुन्हा हसले. लेकीने तिचा हात दाबला. "आई, प्लीज."

काकू पुढे चालू लागली. पण ते दगड तिने रंगवले होते, आणि कुणासाठी रंगवले तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

इथे येऊन आठ वर्षं झाली होती तेव्हा एका संध्याकाळी नवरा बंदरातून परतला नाही म्हणून ती बघायला निघाली. तो कड्यापासून वीसेक पावलांवर गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होता. "काडेपेटी पडली," तो म्हणाला. काडेपेटी त्याच्या खिशात होती. उन्हं कलली की त्याला दिसेनासं व्हायचं. किती दिवसांपासून, ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. जहाजांना अंधारात दिसावं म्हणून ज्याला नोकरीवर ठेवलं होतं, त्यालाच अंधारात दिसत नव्हतं! वरच्या कचेरीत हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर राहती जागा गेली असती, शहरात मावशीकडे ठेवलेल्या लेकीची शाळा सुटली असती.

"तुम्ही खाली बसा," ती म्हणाली होती. "मी वर जाऊन येते."

ते वर जाऊन येणं अकरा वर्षं चाललं. दुसऱ्याच दिवशी तिने चुना भिजवला आणि दारापासून चढाच्या तोंडापर्यंत एकूण एक दगड पांढरा केला. नवरा म्हणाला, "उगाच नसता उद्योग." आणि त्या संध्याकाळपासून मुकाट त्या दगडांच्या मधून चालू लागला.

मनोऱ्याच्या दारापाशी पाटी आडवी ठेवली होती, दोन लाकडी घोड्यांवर. पेंटर तिच्यावर ओणवा होऊन पाचव्या नावाची शेवटची अक्षरं भरत होता. एरवी बंदरात होड्यांवर नावं लिहिणारा माणूस, सत्तरीच्या घरातला, काकूला चांगला ओळखणारा.

"या वहिनी! दादांचं नाव शेवटी आहे. जरा झोकात काढतो."

"सातव्या नावाखाली किती जागा राहते?"

पेंटरने वीत लावून पाहिली. "दोन ओळी बसतील आरामात. का?"

"ती जागा मोकळीच ठेवा," काकू म्हणाली आणि आत शिरली.

जिना मात्र तिला जड गेला. मधल्या टप्प्यावर ती थांबली तेव्हा गाइडने काही न बोलता बाकाकडे बोट केलं. काकू बसली नाही. याच टप्प्यावर नवरा बसायचा, ती वर असताना. दर तासा-दीड तासाने खालून हाक यायची, "चाललंय ना गं?" आणि ती वरून ओरडायची, "चाललंय!" एवढीच त्याची पाळी.

लेक कठड्यावरून हात फिरवत होती. "इथून बाबा मला हाताला धरून वर न्यायचे. आठवतं? मी त्यांच्याबरोबर पायऱ्या मोजायचे."

"आठवतं ना."

आठवणारच. सुट्टीत लेक आली की इथे नाटक असायचं. तासभर आधी काकू वर जाऊन सगळं मांडून यायची. टाकीत रॉकेल, पंप मारलेला, काचा पुसलेल्या, काडेपेटी अशी ठेवलेली की हात नेला की बोटाला लागावी. मग नवरा लेकीला घेऊन पायऱ्या मोजत वर जायचा. मोजल्याशिवाय त्याला जाताच यायचं नाही. तो काडी ओढायचा, दिवा लागायचा आणि लेक टाळ्या पिटायची. खाली भांडी घासताना काकूला त्या टाळ्या ऐकू यायच्या. पोरीसाठीच होतं हे सगळं, असं ती स्वतःला सांगायची. बऱ्याचदा पटायचंही.

वर पोचल्यावर तिला भिंग दिसलं. पुरुषभर उंचीचं, काचेच्या मोठ्या पोळ्यासारखं. ते बघून तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो रागाचा. "पडदे कुठे गेले?"

"काढले ना आजी. फोटोत उजेड कमी पडायचा," गाइड म्हणाली.

"अगं, दिवसा पडदे लावायचेच असतात! ऊन बाहेरून भिंगात शिरलं की एका जागी गोळा होतं आणि जे समोर असेल ते जाळतं. सकाळी दिवा मालवला की पहिलं काम पडदे."

गाइडचा चेहरा पडला. "अय्या. म्हणून माझ्या खुर्चीला भोक पडलं? आम्हाला वाटलं, कुणी पाहुण्यांनी सिगारेट टेकवली."

"किती जणांना झापलंस?"

"दोघांना. एकाला तर खाली हाकललं."

"नावं लिहून घेतली असशील तर माफीचं पत्र टाक."

तेवढ्यात संग्रहालयाचे व्यवस्थापक धापा टाकत वर आले. गोड बोलणारा माणूस. समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकायच्या आतच "हो हो" म्हणणारा. "काकू! हो हो, बसा ना. ताई, तुम्हीही. अहो, उद्याच्या आधी आलात ते बरंच झालं, तुम्हाला आमचा खजिना दाखवतो."

खजिना म्हणजे काचेच्या पेटीतली नोंदवही. तिचं एक पान उघडून ठेवलं होतं. व्यवस्थापकांनी पाहुण्यांना जवळ बोलावलं.

"प्रत्येक दीपस्तंभाचा ठोका वेगळा असतो. आपला दर दहा सेकंदांनी एक झोत. उत्तरेकडचा पंधरा सेकंदांनी. समुद्रातला माणूस आकडे मोजतो आणि ओळखतो, आपण कुठे आहोत. आता समजा, आपला दिवा संथ झाला, तर त्याला वाटणार हा उत्तरेचा. तो वळणार आणि खडकावर जाणार. हे भिंग चावीच्या यंत्रावर फिरायचं. एका वादळात ते यंत्रच बंद पडलं. ऐका, काय लिहिलंय." त्यांनी चष्मा चढवला. "'वारा नैर्ऋत्येचा, फार जोराचा. रात्री साडेनऊला यंत्र बंद. भिंग हाताने फिरवले. पहाटे सव्वासहाला दिवा मालवला.' बस, चार वाक्यं! पावणेनऊ तास एकट्या माणसाने हे धूड ठोका न चुकवता फिरवलं, आणि लिहिताना एक शब्द जास्तीचा नाही."

पाहुण्यांत कुणीतरी "बाप रे" म्हणालं. लेकीने रुमाल काढला. "बाबा नेहमी सांगायचे ही गोष्ट."

नेहमी सांगायचा, खरंच. शाबासकीचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा सांगितली, ती कचेरीतल्या साहेबांना. तेव्हा काकूकडे न बघता सांगितली. दुसऱ्यांदा बंदरात सांगितली, तेव्हा तिच्याकडे बघून, बिनधास्त. पाच-सहा वर्षांत गोष्टीत त्याचे हात सोलवटले, त्याचा खांदा निखळला, तो तहानेने व्याकूळ झाला. तो खोटं बोलत नव्हता आता. त्याला सगळं आठवत होतं! हवा कुंद झाली की म्हणायचा, "त्या रात्रीचा खांदा ठणकतोय बघ." आणि काकू तेल कोमट करून त्याचा खांदा चोळून द्यायची. कधी डावा, कधी उजवा. तिचा स्वतःचा उजवा त्या रात्रीपासून कानाच्या वर जात नाही. चोळताना डाव्या हाताने चोळायची.

"ते पान मी लिहिलंय," काकू म्हणाली.

"हो हो," व्यवस्थापक म्हणाले आणि मग थांबले. "म्हणजे... काकांनी सांगितलं आणि तुम्ही उतरवून घेतलं?"

"त्यांनी काय सांगायचं? ते खाली जिन्यात बसले होते. भिंग मी फिरवलं, पानही मी लिहिलं. अंधार पडला की त्यांना दिसत नव्हतं. अकरा वर्षं दिवा मी लावला."

लेक म्हणाली, "आई, काय बोलतेयस तू?"

"काकू, तसं नव्हे," व्यवस्थापकांचा आवाज आणखी गोड झाला. "हे अक्षर त्यांचंच आहे. आम्ही सगळ्या वह्या जाणकाराकडून तपासून घेतल्यात. एकोणीस वर्षं एकच हात. काना-मात्रेचा फरक नाही."

"फरक नसणारच. महिनाभर बसून गिरवलं मी ते. हिच्या शाळेच्या जुन्या पाटीवर."

कचेरीचा तपासनीस वर्षातून दोनदा यायचा, भरदुपारी. पितळ बघायचा, काचा बघायचा आणि वही चाळायचा. नोंद रात्रीच्या रात्रीच करावी लागे, आणि तिथे बायकी अक्षर दिसलं असतं तर तिथेच संपलं असतं. म्हणून काकू नवऱ्याची अक्षरं शिकली. उलट्या वाऱ्यात चालणाऱ्या माणसांसारखी पुढे झुकलेली अक्षरं, आणि पूर्णविराम असा दाबून दिलेला की कागदाला मागून फोड यावा. एकदा तपासनीस म्हणाला होता, "काय अक्षर आहे! वादळातसुद्धा हलत नाही." नवरा म्हणाला, "सवय, साहेब." आणि काकूला, चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी असताना, अभिमान वाटला होता. आपण फसवलं तेही किती चोख! आपल्याच हाताने आपला पुरावा पुसतोय, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणार?

"पेन द्या," ती म्हणाली.

व्यवस्थापकांच्या वहीवर तिने एक ओळ लिहिली. वारा नैर्ऋत्येचा, फार जोराचा. पूर्णविराम दाबून दिला. व्यवस्थापकांनी तो कागद काचेवर ठेवला, पानाशेजारी. गाइड मुलगी वाकली. "अगदी सेम आहे, सर."

"हो हो... सहवासाने अक्षर सारखं होतं म्हणतात," व्यवस्थापक म्हणाले.

"सहवासाने? मग यांचं माझ्यासारखं का नाही झालं?"

कुणीतरी खुदकन हसलं. काकू मात्र वळली आणि दोरीखालून वाकून भिंगापाशी गेली.

"काकू, तिथे हात लावायला बंदी आहे!"

"फिरतं ना अजून?"

"फिरतं, पण..."

"ए पोरी, तुझ्या फोनमध्ये सेकंद मोजायचं असेल ना? लाव. झोत पडतो तिथे, त्या खिडकीपाशी उभी राहा. भिंगाचं एकेक तावदान समोरून गेलं की सांग."

तिने पितळी मुठीला हात घातला. डावा. भिंग आधी नाही म्हणालं, मग हललं, आणि मग एवढ्या वजनाचं असूनही पाण्यातल्या होडीसारखं सरकू लागलं. काकू त्याच्याभोवती चालू लागली. ओठ हलत होते. एक बादली, दोन बादल्या, तीन बादल्या. टाकीपासून मनोऱ्यापर्यंत पाणी वाहताना तिने सेकंदाचं माप बसवलं होतं, एक बादली म्हणेपर्यंत एक सेकंद, दहा बादल्या झाल्या की एक झोत. त्या रात्रीही ती हेच पुटपुटत होती. समुद्रावरच्या माणसांचा जीव बादल्यांवर होता.

"दहा," गाइड म्हणाली. "दहा... परत दहा... आजी, दहा! सर, हे बघा, दहा!"

दोन फेरे झाले, तीन झाले. काकूचा श्वास फुलला, पण पावलं तीच. पाहुण्यांनी फोन वर धरले होते. ती थांबली तेव्हा टाळ्या पडल्या. मुठीला धरूनच ती उभी राहिली आणि व्यवस्थापकांकडे बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"काय बोलू मी काकू," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, आणि अजून तुमच्या अंगात आहे! काकांनी काय शिकवलंय तुम्हाला! काय शिकवलंय!"

काकूने मूठ सोडली.

उतरताना मधल्या टप्प्यावर लेकीने तिला अडवलं. पाहुणे पुढे गेले होते.

"डाव्या हाताने ढकलत होतीस."

"हो."

"उजवा वर जात नाही तुझा. मी लहान होते तेव्हापासून नाही जात. मला वाटायचं, तू डावखुरी आहेस." लेक भिंतीला टेकली. "बाबा एकदा हा खांदा चोळून घ्यायचे, एकदा तो. मी बघितलंय. मला कधी... खरं आहे ना हे?"

"खरं आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला बाप फार आवडायचा."

काकूला वाटलं, आता ही रडेल, गळ्यात पडेल, म्हणेल चल, मी सांगते सगळ्यांना. बत्तीस वर्षं तिने याच क्षणाची वाट पाहिली होती, असं तिला त्या वेळी वाटलं.

"आई," लेक म्हणाली, "पण उद्या नको."

"काय नको?"

"हे सगळं. उद्या माझी मुलं येणारेत, शाळेतले शिक्षक येणारेत. मी भाषण लिहिलंय. त्यात तीच रात्र आहे, आई. आणि बाबा आता नाहीत. त्यांना उत्तरसुद्धा देता येणार नाही."

"होते तेव्हा तरी कुठे दिलं? मी विचारलं होतं. शेवटच्या आजारपणात. म्हटलं, आता खोलीत तिसरं कुणी नाही, माझ्यापुरतं तरी खरं बोला. तर म्हणाले, 'कशाबद्दल?' आणि त्यांना खरंच कळत नव्हतं गं. मी मूर्खासारखी त्यांना औषध देऊन बाहेर आले."

"मग झालं तर. त्यांना माहीतच नव्हतं."

"मला होतं."

लेकीने डोळे पुसले. "चल, खाली चल. पाय सुजतील तुझे."

खाली पेंटर सातवं नाव संपवून ब्रश पुसत होता. नाव झोकात आलं होतं, शब्द दिल्याप्रमाणे. व्यवस्थापक आधीच पोचले होते आणि पेंटरच्या कानाशी काहीतरी सांगत होते. काकू दिसताच ते लगबगीने पुढे आले.

"काकू, तुमच्या भावना मला पोचल्या. हो हो, अगदी पोचल्या. आम्ही मार्ग काढलाय. पेंटरदादा, लिहा तुम्ही."

पेंटरने बारीक ब्रश घेतला आणि सातव्या नावाखाली, नावाच्या निम्म्या आकारात, एक ओळ काढली. त्याचा हात भराभर चालायचा. 'पत्नीचे मोलाचे सहकार्य लाभले.'

काकूने ती ओळ वाचली. "पुसा."

"अहो काकू..."

"सहकार्य त्यांनी केलं. जिन्यात बसून राहिले, मध्ये कडमडले नाहीत. तसं लिहिता येत असेल तर लिहा. नाहीतर माझं नाव लिहा, बाकीच्यांचं लिहिलंय तेवढंच. नाव आणि वर्षं. अकरा."

"पण मग सगळ्या नोंदी खोट्या ठरतील हो! ती वही मी काचेत कुठल्या तोंडाने ठेवू?"

"खोट्या कशा? वारा खरा होता. वेळ खरी होती. दिवा लागला होता. सही तेवढी खोटी."

"सहीवरच तर सगळं चालतं, काकू," व्यवस्थापक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड नव्हता, थकलेला होता. "मला वर विचारावं लागेल. ते म्हणतील, पुरावा आणा. तुमच्या शब्दावर नाही होणार, तुमचाच फायदा आहे त्यात. पण..." ते लेकीकडे वळले. "ताई, तुम्ही मुख्याध्यापिका आहात. मुलगी म्हणून दोन ओळी लिहून सही दिलीत, की बाबांना दिसत नव्हतं, काम आई करत होती, तर आजच वर फोन करतो. जागा आहे पाटीवर. काय पेंटरदादा?"

"एका ओळीची आहे," पेंटर म्हणाला. "ही पुसली तर दोनची."

व्यवस्थापकांनी खिशातलं पेन काढून लेकीसमोर धरलं. काकूने लेकीकडे पाहिलं नाही. पाटीकडे पाहत राहिली. सात नावं, ओला काळा रंग, उन्हात चमकणारा.

"आता राहू दे," लेक हळूच म्हणाली. "एवढ्या वर्षांनी कशाला?"

पेन खिशात परत गेलं.

"पेंटर," काकू म्हणाली, "ती ओळ पुसा म्हटलं ना."

पेंटरने व्यवस्थापकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघू लागले तसं त्याने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि ओळ पुसून टाकली. करडा डाग राहिला. "यावर पांढऱ्याचा एक हात मारतो, वहिनी. दिसणार नाही."

"बरं."

"काकू, उद्या दहाला गाडी पाठवतो," व्यवस्थापक म्हणाले. "चढ चालायला नको."

"मी येणार नाही."

"अहो, असं कसं? पडदा कोण सारणार?"

"ही सारेल. तिच्या बापाची पाटी आहे."

लेकीने पर्स उचलली. "आई, थांब. मी येतेय."

"तू थांब इथे. भाषण पाठ कर," काकू म्हणाली आणि चालायला लागली. चढताना पडलं नव्हतं तेवढं आता उतारावर तिचं पाऊल जपून पडत होतं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

गाइड मुलगी तिच्या मागे चार पावलं गेली, मग व्यवस्थापकांकडे बघून परत आली. पेंटर डबा ढवळत होता. काकू वळणाआड गेली.

"वय झालं की होतं असं," शेवटी व्यवस्थापक म्हणाले. "ताई, तुमचं भाषण किती मिनिटांचं?"

"आठ." लेक पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. "नाही, पाचच धरा. त्या रात्रीचा भाग काढते मी."

"अहो, तोच तर मुख्य भाग! लोक त्याच्यासाठी येणारेत."

लेकीने वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती.

"मग राहू दे तो," ती म्हणाली.